ट्रेमध्ये काय दाखवलं होतं

आमच्या गावात कुणालाही काहीही झालं की कारण एकच असायचं, भूकंप. चुलत्याचे केस गळाले ते भूकंपाच्या धसक्यानं. शेजारच्यांची म्हैस दूध देईना, ती भूकंपापासून बिथरलेली. शाळेतले एक मास्तर गणितात अडखळायचे, तेही भूकंपानंच, असं पोरं म्हणायची. आणि ते मास्तर तर भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी कोकणातून बदलून आलेले. आम्ही हसायचो. पण याच कारणानं माझ्या मायला जवळजवळ गिळलं होतं. म्हणून लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरातलं असलं काही कागदावर मांडायचं असतं का, हे विचारावं असं माझ्या आधीचं कुणी नाही. त्यामुळे जसं आठवतं तसं लिहिते.

भूकंप झाला तेव्हा मी अगदी लहान होते. मायनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं, एवढंच आठवतं. आजोबा आतच राहिले. त्यानंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस, आणि मग नव्या जागी सरळ रेषेत बांधलेलं नवं गाव, सिमेंटची घरं. घरं मिळाली तरी सुरुवातीला सगळं गाव अंगणातच झोपायचं. मग हळूहळू एकेक घर आत गेलं. आम्हीही गेलो. माय मला कुशीत घेऊन आतल्या खोलीत झोपायची, दाराला आतून कडी लावायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे हे सगळे विसरले. मायसुद्धा.

मी पाचवीत असताना मायचं ऑपरेशन झालं. तिची कंबर दुखायची, अंगावरून पांढरं जायचं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. आमच्याकडं पिशवी काढणं ही दात काढण्यासारखीच गोष्ट झाली होती. दोन लेकरं झाली, आता तिचं काय काम, असंच बायाही बोलायच्या. माझा धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. मायचं वय तेहतीसच्या आसपास असेल.

आमच्या भागातल्या कित्येक दवाखान्यांत एक रीत आहे. ऑपरेशन झालं की काढलेला भाग स्टीलच्या ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतात, म्हणजे पैसे कशाचे घेतले याची खात्री पटते. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. कंपाउंडर ट्रे घेऊन आला आणि आण्णांना म्हणाला, "बघून घ्या." आण्णा म्हणजे माझे वडील. मला ट्रेचा चकचकीत काठ तेवढा दिसला. आण्णांनी बघितलं, मान डोलावली, आणि बाहेर जाऊन लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. त्यांनी तेव्हा काय बघितलं, हे मी विचारलं नाही. मुलीनं बापाला विचारायची ती गोष्टच नव्हती.

गावात परतल्यावर फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "गाठी निघाल्या. चांगल्या दोन गाठी. येळेवर काढल्या म्हनून बरं झालं." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. बायकोला वाचवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्याच थंडीत सुरू झालं.

भाकरी थापता थापता माय एकदम उठायची. चेहरा लाल, मानेवरून घाम, पदर सोडून ती अंगणात पळायची आणि भिंतीला हात लावून विचारायची, "हाललं का गं?" पहिल्या-पहिल्यांदा आम्हीही मागं पळायचो. शेजारचे पळायचे. काहीच हललेलं नसायचं. तिच्या छातीत धडधडायचं, पाय थरथरायचे, आणि तिला खरोखरच जमीन हलल्यासारखी वाटायची. भूकंपातून वाचलेल्या माणसाला छातीतली धडधड आणि जमिनीची धडधड वेगळी कशी ओळखू यावी? ती पुन्हा अंगणात झोपायला लागली. सगळे म्हणाले, भूकंपाची भीती परत आली. रात्रीतून तिची चोळी घामानं भिजायची हे धुणं धुताना मला दिसायचं, पण घाम हा भीतीचाच असतो, असं मीही धरून चालले.

पोरांनी तिला नाव ठेवलं, हाललं-काकू. ती विहिरीवर निघाली की मागून ओरडायची, "काकू, हाललं का वो?" आधी ती हसायची. मग हसणं गेलं आणि राग आला. तो असा, की वरणाचं पातेलं चुलीवरून उचलून अंगणात फेकायची, आणि लगेच तिथंच बसून सांडलेली डाळ मातीतून वेचायची. सांधे दुखायचे. झोप नव्हतीच. आण्णांनी अंगारा आणला, गंडा बांधला. लातूरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी भूकंपाबद्दलच विचारलं, आम्हीही भूकंपाबद्दलच सांगितलं, आणि त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी माय गुंगीत जायची, पण आतली आग तशीच.

"अव्वा गं," ती म्हणायची. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. दुखलं की तोंडातून तिकडचे शब्द निघायचे. "अव्वा गं, आतून चूल पेटल्यावानी व्हतंय."

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि मी लातूरला गेले. त्या काळात लातूरला सगळेच जायचे. ज्या गल्लीत जावं तिथं क्लासचे बोर्ड, सायकलींच्या रांगा, आणि पत्र्याच्या जिन्यावरून चढून जायच्या खोल्या. खोलीत पोरगं किंवा पोरगी, आणि तिला करून घालायला आलेली आई. गावाकडं नवरा, सासू, जनावरं सोडून बाया लातूरला दोन-दोन वर्षं राहायच्या. आमच्या जिन्यावर अशा चार आया होत्या. त्यांचं जग म्हणजे डबा, लाईट आणि पोरांचे टेस्टचे मार्क. माय मला करून घालायला आली, धाकटा भाऊ गावाकडं आण्णांजवळ राहिला, आणि आण्णांनाही त्यात सुटका वाटली असावी. हवापालट होईल, म्हणाले.

आमची घरमालकीण मुसलमान, पन्नाशी ओलांडलेली. तिला सगळे खाला म्हणायचे. खाली त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं, सासऱ्याच्या बापापासूनचं. कापसाचा भुगा जिन्यापर्यंत उडायचा. अकरावीच्या डिसेंबरात एकदा खाला पाण्याच्या मोटारीचं सांगायला वर आली, तर माय शहाबादी फरशीवर काही न अंथरता झोपलेली, गाल फरशीला टेकवून, अंगावर ओला टॉवेल.

खाला दारातच उभी राहिली. "ऐ बाई, ये क्या? आमची गादीची दुकान आन आमच्याच घरात तू फरशीवर झोपते? लोक म्हनतील, ये लोगां किरायेदार को एक गादी नै दे सकते!"

"गादी नको, खाला," माय म्हणाली. "गादी चावतीय मला."

खालानं तरी एक पातळ गादी पाठवून दिली. माय तिच्यावर माझी पुस्तकं ठेवायची.

बारावीचं ते वर्ष मला नीट सांगता येत नाही. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट. आणि घरी आले की जिन्यावरच कळायचं, आज काय झालं असेल. कधी समोरच्या बाईशी नळावरून भांडण. कधी माय कोपऱ्यात रडत बसलेली, कारण विचारलं तर कारण नाही. एकदा गोळीच्या गुंगीत तव्यावर हात पडला. तळवा भाजून फोड आला तरी तिला उशिरा कळलं. समोरची बाई मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुज्या आईला गावाकडं धाड माय. आमच्या लेकरायचा अभ्यास व्हईना." ती वाईट नव्हती. तिच्या मुलीचेही मार्क उतरत होते.

त्याच दिवशी मायनं मला विचारलं. मी पाट मांडून गणितं करत होते. ती समोर येऊन बसली. भाजलेल्या हाताला हळद लावलेली होती.

"मी येडी हाय का गं?"

"असं कामून म्हनायलीस?"

"तू सायन्सला हायस. तुला म्हाईत असंल. सांग. खरं सांग. येडी असंन तर मी जाते कुटंतरी. तुमच्या गळ्यात धोंडा नको."

जीवशास्त्राच्या वहीत ग्रंथींचा आख्खा धडा मी पाठ केलेला होता. कोणत्या ग्रंथीतून कोणतं संप्रेरक, हा हमखास प्रश्न आहे असं सर सांगायचे, आणि अंडाशयाचं नाव आलं की मुली खाली मान घालून वहीत रेघा मारायच्या. त्या धड्याचा आणि फरशीवर गाल टेकणाऱ्या माझ्या मायचा काही संबंध असेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तिचा दुसरा हात धरला. तो तापलेला होता, आणि बघता बघता माझ्या हातातच थंडगार पडला.

आठवड्याभरात आण्णा आले. बरोबर आत्या होती, आण्णांची धाकटी बहीण, लातूरजवळच्या मुरुडला दिलेली. सगळं ठरवूनच आले होते. आत्या चपला काढता काढता म्हणाली, "दादा, वयनीला उदगीरला माहेरी नेऊन घाला. पोरीची परीक्षा हाय. हितं म्या ऱ्हाते."

"किती दिवस?" मी विचारलं.

आत्याच म्हणाली, "बरं वाटंस्तवर."

"आन न्हाईच वाटलं तर?" मायनं आतून विचारलं.

माहेरी मायचा एक भाऊ आणि त्याची बायको. तिथं सोडलेली बाई परत आणायला कुणी जात नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मायनं आपल्या साड्या पिशवीत भरल्या. रडली नाही. तेच मला जास्त भ्यायला लावणारं होतं.

पाणी आणायच्या निमित्तानं मी खाली गेले आणि दुकानात खालासमोर रडले. ती रजईला टाके घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जलजले का, वो भूकंप का डर दिन में भी आता क्या? भाकरी थापते-थापते?"

"हो."

"एकदम आग, फिर पसीना, फिर ठंडी?"

"हो."

"मेरेको भी हुआ था गे. पन पन्नाशीला. पाळी गेली तो दोन बरस ऐसाच, बैठे-बैठे अंगार. तुझ्या आईची पाळी कब गई?"

"ऑपरेशन झालं तेव्हा. मी पाचवीत होते."

खालाचा सुईचा हात थांबला. "इत्तीसी उमर में?" ती सुई रजईला टोचून उठली आणि वर आली. आण्णांना तिनं तशाच ठसक्यात सांगितलं, "भैया, माझ्या मुलीचं नांदेडला बाळंतपण जिने किया ना, वो डॉक्टरीन बाई को एक बार दिखाओ. एकच बार. बाद में जहाँ छोडना है छोडो, मैं नै बोलूँगी."

"आता नांदेड कामून?" आण्णा वैतागले. "उदगीर कुटं, नांदेड कुटं." पण खालासमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी क्लास बुडवून बरोबर गेले. आत्या खोलीवर राहिली.

एसटीत माय खिडकीशी बसली होती. गार वाऱ्यात तिनं खिडकी पूर्ण उघडलेली, मागचे लोक ओरडत होते. साड्यांची पिशवी तिच्या पायाशी. ती पिशवी दवाखान्यातही तिच्या पायाशीच होती.

डॉक्टरीणबाई मायच्याच वयाच्या असतील. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"भूकंपापासून," माय म्हणाली. आण्णांनीही मान डोलावली.

मला बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. शेवटी बोलले. "न्हाई. भूकंपानंतर आपण आत झोपत होतो. माय दाराला कडी लावायची. ऑपरेशन झाल्यावर परत बाहेर गेली."

माय माझ्याकडं बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशनमध्ये नुसती पिशवी काढली, की बीजकोशही काढले?"

बीजकोश हा शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता. आण्णांना आणि मायला तो शब्दच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हातानं दाखवून सांगितलं, पिशवीच्या दोन बाजूंना दोन असतात, बाईच्या अंगातलं एक द्रव्य तिथं तयार होतं, वयाच्या पन्नाशीपर्यंत. सोनोग्राफीत ते दिसत नव्हते, पण कधीकधी नुसते नीट दिसत नाहीत एवढंच असतं, म्हणाल्या. रक्त तपासायला पाठवू. मग त्यांनी विचारलं, "काढल्यावर ट्रेमध्ये कुणाला दाखवलं होतं का?"

"ह्यास्नी," माय म्हणाली.

आण्णा भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघायला लागले. "पोरीला भायेर पाठवा," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तिला," मायचा आवाज एकदम चढला. "तिला कळतंय थोडंफार. मला तर कुणी काय सांगितलंच न्हाई. बोला. काय व्हतं त्यात?"

माझ्या बापाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवली. ते टेबलाकडं बघून बोलले.

"पिशवी व्हती. आन दोन बाजूला दोन... बदामावानी. पांढरट. म्या इचारलं, ह्ये काय? त्यो म्हनला, सगळं साफ केलं. म्या म्हनलं, ह्याच गाठी असतील. बरं झालं काढल्या."

"गाठी नव्हत्या त्या," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या.

"म्या गावात सांगितलं गाठी निघाल्या म्हनून."

"गाठी नव्हत्या. तेच बीजकोश."

मायनं पायानं ती साड्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सावकाश समजावलं. ज्या बायकांची पाळी वयानं जाते त्यांना हेच हळूहळू होतं. मायचं एका दिवसात झालं, आणि दहा-पंधरा वर्षं आधी. जे द्रव्य शरीर अजून बरीच वर्षं स्वतः बनवणार होतं, ते आता गोळीतून द्यायचं. रोज एक गोळी. बरोबर हाडांसाठी कॅल्शियम, कारण तीही आतून झिजत असणार. गोळी निरुपद्रवी नाही, हेही त्यांनी सांगितलं. छातीत गाठ लागते का ते बघत राहायचं, रक्तदाब बघायचा, पाय सुजून दुखला तर लगेच यायचं, आणि पन्नाशी आली की पुढे घ्यायची का ते पुन्हा ठरवायचं. "कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे बघून ठरवावं लागतं. उद्या शेजारणीला यातली अर्धी देऊ नका."

आण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि दबक्या आवाजात विचारलं, "ह्ये बायांचंच असतंय का, म्याडम? आमाला बी आता... पयल्यावानी काय ऱ्हायलं न्हाई."

"पुरुषांचंही कमी होतं, पण हळूहळू. एखाद्याला तपासून देतातही. पण रस्त्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना ताकदीचं, ते नाही बरं का."

"द्याच एक त्यास्नी," माय म्हणाली. "तोंड उघडायची गोळी असंल तर."

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. आण्णा मात्र हसले नाहीत.

नांदेडच्या बसस्थानकावर उदगीरची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता. आम्ही तिघं तिच्यापुढं उभे. आण्णा गाडीच्या पाटीकडं बघत होते आणि माय आण्णांकडं. गाडी निघून गेली. मग आण्णांनी पिशवी उचलली आणि लातूरच्या फलाटाकडं चालायला लागले.

एवढ्यावर सगळं बरं झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. गोळीनं लगेच काहीच झालं नाही. आग तशीच. पहिल्या दिवसांत तर मळमळ आणि छाती जड. आत्या रोज विचारायची, "काय, फरक?" आणि मुरुडला फोन करून सांगायची, काय फरक न्हाई. लातूरच्या एका औषध दुकानदारानं पाकीट उलटसुलट करून म्हटलं, "ह्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणतात, बघा." मी ते मायला सांगितलं, लपवायला नको वाटलं. ती म्हणाली, "होऊ दे. येकदा झोप तरी लागू दे. झोपून तरी मरंन." मी परत नांदेडला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगितलेलं बघत राहा, आणि थांबा थोडं. आण्णांनी संक्रांतीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यातही तेच होतं जे आण्णांनी ट्रेमध्ये बघितलं होतं. पण रिपोर्ट खरा ठरला म्हणून आग विझत नाही. माय रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन बघायची आणि म्हणायची, "तू तरी खोटी निघू नगंस बाई."

संक्रांतीच्या अलीकडं, एका सकाळी मी क्लासहून आले तर माय दिसेना. फरशी मोकळी. मग बघितलं, कोपऱ्यात खालाच्या गादीवर माझी पुस्तकं नव्हती. तिथं माय रजई डोक्यापर्यंत ओढून झोपली होती. मी हाक मारली तेव्हा तोंड तेवढं बाहेर काढून म्हणाली, "थंडी वाजायली गं. वाईच दार लोट." आणि परत झोपली. आत्यानं चहा उतरवला आणि कपात न ओतता तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती मुरुडला गेली.

माझे मार्क मेडिकलला पुरले नाहीत. मी नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. त्यातल्या त्यात सोय ही, की मायच्या गोळ्या आमच्या गावात मिळत नाहीत, त्या मी नांदेडहून घेऊन जाते. माय पूर्ण पहिल्यासारखी नाही. सांधे दुखतात, कधीमधी आग येते. पण भिंतीला हात लावून ती काही विचारत नाही. पोरं मात्र अजून विचारायची, "काकू, हाललं का वो?" आणि तिनं एवढी वर्षं दाबून धरलेलं मागच्या उन्हाळ्यात आण्णांपुढं काढलं.

"तुमी हाटेलात बसून सांगितलं, गाठी निघाल्या. त्याच हाटेलात सांगा, गाठी नव्हत्या. मी येडी न्हाई म्हनून सांगा."

"आता बाईमाणसाचं असलं चारचौघांत..." आण्णा म्हणाले.

"तवा सांगताना बाईमाणसाचं नव्हतं व्हय?"

आण्णांनी कित्येक दिवस टाळलं. मी सुट्टीला आले त्या दिवशी एसटीतून फाट्यावर उतरले, तेव्हा ते हॉटेलाच्या बाकावर बसलेले होते. आणखी चार-पाच जण होते, त्यात किराणा दुकानवाले काकाही. गावातला सगळ्यात थट्टेखोर माणूस. मी निवाऱ्याच्या भिंतीआड पिशवी घेऊन थांबले, कारण आण्णांचा आवाज वेगळा होता.

"...गाठी नव्हत्या त्या. चांगलं अंग व्हतं, ते काढलं. म्हनून तिला तसं व्हायचं. येडी नव्हती ती."

"आता काय वयनीचं दप्तर उघडायलास का हितं?" किराणावाले काका म्हणाले. लोक हसले. "आन तुला रं काय कळतंय गाठ का काय ते? डागदर झालास व्हय पोरगी शिकली म्हनून?"

"डागदरीनबाईनं इचारलं म्हनून कळलं. पिशवीच्या दोन बाजूला दोन असतेत. बदामावानी. पांढरट." आण्णांनी बोटांची चिमूट करून दाखवली, सगळ्यांसमोर. "तुमाला बी दावलं असंल ट्रेमधी. तुमच्यायतल्या बी किती जणींचं झालंय. आठवून बघा, काय काय व्हतं."

आता कुणी हसलं नाही. किराणावाल्या काकांच्या बायकोचं ऑपरेशन आमच्या मायनंतर वर्षभरात झालं होतं. आण्णांचं ऐकूनच झालं होतं. ती काकू दिवसभर ओट्यावर पदरानं वारा घेत बसते, आणि तिला भूकंपाचा धसका आहे असं सगळे म्हणतात.

"बदामावानी?" काकांनी विचारलं.

"हाव."

"दोन?"

आण्णांनी मान डोलावली.

काकांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. ते उठले, आणि दुकानाच्या उलट्या दिशेला, आपल्या घराकडं चालायला लागले. आण्णा बाकावर बसूनच राहिले. मी पुढं जाऊन गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती न उघडता मला विचारलं, "ह्यात जास्तीच्या हायेत का?"

"दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, आण्णा," मी म्हणाले. "आधी दाखवावं लागतं."

"मंग नांदेडची गाडी कितीला हाय, ते सांग," ते म्हणाले. "त्यास्नी सांगून येतो."